एका इतिहासमासाची जन्मकथा

फेब्रुवारी महिना उजाडला की अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक विद्यापीठांत एक निराळीच लगबग दिसू लागते. ग्रंथालयांच्या दर्शनी कपाटांत जुनी हस्तलिखिते, पत्रे आणि छायाचित्रे मांडली जातात. व्याख्यानमाला होतात, गायनाच्या बैठकी होतात, माजी विद्यार्थी येऊन आपल्या काळच्या हकिकती सांगतात. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आणि वारशाचा महिना म्हणून हा काळ तेथे पाळला जातो. दुरून पाहणारास तो पंचांगातील शेकडो दिनविशेषांपैकी एक वाटावा. परंतु उत्सवांचे दोन प्रकार असतात. काही राजाज्ञेने सुरू होतात आणि राजाज्ञेबरोबरच मावळतात. काही मात्र लोकांच्या अंतःकरणातील निकडीतून उगवतात, आणि राजाची मान्यता त्यांस फार मागाहून मिळते. प्रस्तुत उत्सव या दुसऱ्या प्रकारात मोडतो. राष्ट्राध्यक्षांचा संदेश त्यास लाभला तो १९७६ साली. त्यापूर्वी अर्धशतकभर तो शाळांच्या खोल्यांतून, प्रार्थनामंदिरांतून आणि विद्यापीठांच्या आवारांतून चालत आला होता. ज्या समाजास इतिहासच नाही असे विद्वानांनीही सांगितले, त्या समाजाने आपला इतिहास कसा गोळा केला आणि त्यास विद्यापीठात स्थान कसे मिळविले, याची ही कथा आहे.

नाव नसलेली माणसे

१८६० साली संयुक्त संस्थानांत सुमारे चाळीस लक्ष माणसे गुलामगिरीत होती. १८५० आणि १८६० या दोन्ही शिरगणत्यांत गुलामांसाठी वेगळी पत्रके छापली होती. त्यांत मालकाचे नाव असे, आणि त्याखाली एकेका ओळीत एकेका जिवाचे वय, लिंग व वर्ण. त्या जिवाचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसे. दक्षिणेकडील अनेक संस्थानांत गुलामास अक्षरओळख करून देणे हा गुन्हा होता. नवराबायकोंस किंवा मायलेकरांस निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकण्यास कायद्याची आडकाठी क्वचितच असे. कोणत्याही घराण्याची स्मृती तीन गोष्टींवर उभी असते : नाव, अक्षर आणि पिढ्यांचा सहवास. त्या तिन्ही ज्यांच्यापासून हिरावून घेतल्या, त्यांच्याकडेच बोट दाखवून पुढे म्हणण्यात आले की, या लोकांपाशी इतिहास नाही!

फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मेरिलँड संस्थानात १८१८ च्या सुमारास गुलामगिरीत जन्मलेला हा पुरुष पुढे पळून जाऊन स्वतंत्र झाला आणि आपल्या वक्तृत्वाने व लेखणीने त्या शतकातील थोर पुरुषांत गणला गेला. परंतु आपला जन्म कोणत्या दिवशी झाला हे त्यांस आयुष्यभर कळले नाही. लहानपणीच दुरावलेली आई आपणांस ‘व्हॅलेंटाइन’ म्हणे, एवढी पुसट आठवण त्यांच्यापाशी होती. तिच्या आधारे त्यांनी १४ फेब्रुवारी हा आपला जन्मदिवस ठरविला. जन्मतिथी नसलेल्या माणसाने स्वतः निवडलेली ही तिथी पुढे एका समाजाच्या इतिहासोत्सवाची तिथी व्हावी, यात एक मोठाच अर्थ भरलेला आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

गीतांनी उभारलेली वास्तू

१८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. मुक्त झालेल्या लोकांनी प्रथम जी गोष्ट मागितली ती विद्या. त्या मागणीतून दक्षिणेत कितीतरी विद्यालये निघाली. टेनेसी संस्थानातील नॅशव्हिल शहरी १८६६ साली सैन्याच्या जुन्या रुग्णालयाच्या बराकींत सुरू झालेले फिस्क विद्यालय हे त्यांपैकीच एक होय. पाच वर्षांतच त्याची स्थिती अशी झाली की, दारास कुलूप लावावे लागते की काय अशी भीती उत्पन्न झाली. तेव्हा जॉर्ज व्हाइट नावाच्या कोषाध्यक्षाने नऊ विद्यार्थी बरोबर घेतले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी गायनाच्या दौऱ्यावर प्रस्थान ठेवले.

आरंभी हे विद्यार्थी त्या काळची लोकप्रिय गाणी गात. आपल्या आईबापांनी मळ्यांतून, रात्रीच्या अंधारात, देवास आळवीत गाइलेली पदे परक्यांपुढे म्हणावयास त्यांचे मन धजत नव्हते. ती पदे त्यांस पवित्र वाटत, आणि शिवाय गुलामगिरीच्या दिवसांची खूण म्हणून दुःखदही वाटत. परंतु संकोच सोडून त्यांनी ती गाइली आणि श्रोत्यांची मने हेलावली. १८७३ साली या पथकाने इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर गायन केले. हिब्रू धर्मग्रंथात पन्नासाव्या वर्षी दासांस मुक्त करण्याचे जे ‘ज्युबिली’ वर्ष सांगितले आहे, त्यावरून या पथकाने ज्युबिली गायक हे नाव धारण केले होते. मिळालेल्या द्रव्यातून विद्यालयाची ‘ज्युबिली हॉल’ ही भव्य इमारत उभी राहिली आणि १८७६ साली तिचे उद्घाटन झाले. गुलामांच्या पदांनी बांधलेली ती वास्तू आजही फिस्क विद्यापीठात उभी आहे. दर वर्षी ६ ऑक्टोबर हा दिवस तेथे ‘ज्युबिली दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी नवे गायक जुन्या गायकांच्या समाधींवर जाऊन तीच पदे म्हणतात. लिहिण्याची बंदी असता जे कंठात राहिले, त्यानेच विद्यामंदिर तारले.

खाणीतील वाचक

तथापि केवळ गीतांनी इतिहास सिद्ध होत नाही. त्यास कागद लागतो, पुरावा लागतो, आणि पुराव्यासाठी आयुष्य वेचणारा मनुष्य लागतो. असा मनुष्य कार्टर गॉडविन वुड्सन यांच्या रूपाने लाभला.

वुड्सन यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनियातील न्यू कँटन या गावी झाला. आईबाप पूर्वाश्रमीचे गुलाम, घरी दारिद्र्य. कोवळ्या वयातच ते पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत कामास लागले. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाच्या एका खाणकामगाराच्या घरी संध्याकाळी कृष्णवर्णीय मजूर जमत. त्यांतील कित्येक जण यादवी युद्धात लढलेले होते. जोन्स यांस स्वतःस वाचता येत नव्हते, पण घरी पुस्तके व वृत्तपत्रे ठेवण्याची त्यांस हौस होती. तरुण वुड्सन त्या मंडळींस वाचून दाखवीत आणि बदल्यात त्यांच्या तोंडून युद्धाच्या व दास्याच्या कहाण्या ऐकत. ज्यांस अक्षर येत नाही त्यांच्यापाशीही इतिहास असतो, तो विचारणारा भेटावा लागतो, हा धडा त्यांनी येथे घेतला.

वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास ते माध्यमिक शाळेत दाखल झाले आणि दोन वर्षांच्या आत तेथील अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले. पुढे बेरिया महाविद्यालय, फिलिपाइन्समधील शिक्षकाची नोकरी, शिकागो विद्यापीठाची पदवी असा प्रवास करीत १९१२ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील डॉक्टरेट संपादन केली. विल्यम ड्यू बॉइस यांच्यानंतर ही पदवी मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय होत. त्याच हार्वर्डमध्ये एका नामांकित अध्यापकाने, निग्रो लोकांस इतिहास नाही, असे त्यांस ऐकविल्याचे सांगतात. या उद्गारावर वाद घालीत बसण्याऐवजी वुड्सन यांनी त्याचे उत्तर देणाऱ्या संस्थाच उभ्या केल्या. ९ सप्टेंबर १९१५ रोजी शिकागो येथे त्यांनी निग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापिले आणि १९१६ च्या जानेवारीत त्याचे त्रैमासिक सुरू केले. हॉवर्ड विद्यापीठात व पश्चिम व्हर्जिनियात अधिष्ठात्याचे पद त्यांनी काही काळ भूषविले. पण १९२२ नंतर अध्यापनाची स्थिर वृत्ती सोडून वॉशिंग्टनमधील नवव्या रस्त्यावरील घरात हे मंडळ, त्याचे मुद्रणकार्य आणि आपला संसार त्यांनी एकत्र थाटला. संसार म्हणावयाचा तो ग्रंथांचाच, कारण ते अविवाहित राहिले.

सप्ताहाची योजना

पण संशोधकांसाठी काढलेले त्रैमासिक खेड्यातील शिक्षकापर्यंत कसे पोहोचणार? हा प्रश्न वुड्सन यांस सतत सतावीत होता. तेव्हा १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. महिन्याचा दुसरा आठवडा निवडण्यात त्यांची व्यवहारदृष्टी दिसते. १२ फेब्रुवारी हा अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस, आणि १४ फेब्रुवारी हा डग्लस यांनी स्वतः ठरविलेला जन्मदिवस. हे दोन्ही दिवस कृष्णवर्णीय समाजात आधीपासूनच पाळले जात होते. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या तिथींस त्यांनी नवा आशय दिला. दोन थोर पुरुषांचे गुणगान येथवर होत असे. आता त्यांच्या निमित्ताने साऱ्या समाजाच्या कर्तृत्वाचा अभ्यास व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

हा सप्ताह केवळ भाषणांचा नव्हता. मंडळाकडून शिक्षकांस पाठ, चित्रे, नाट्यप्रवेश आणि वाचनाच्या याद्या पाठविल्या जात. गावोगाव इतिहासमंडळे निघाली. १९३७ पासून शाळांसाठी एक वेगळे नियतकालिकही निघू लागले. मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांसारख्या शिक्षणक्षेत्रातील कर्त्या स्त्रीने १९३६ पासून पुढे पंधरा वर्षे मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. ३ एप्रिल १९५० रोजी वुड्सन निवर्तले, तेव्हा सप्ताह देशभर रुजला होता.

कपाटांची क्रांती

उत्सवाच्या या प्रवाहास ग्रंथांचे पाणी कोठून मिळत होते, हेही पाहिले पाहिजे. वॉशिंग्टन येथे १८६७ साली स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठास जेसी मूरलँड या माजी विद्यार्थ्याने १९१४ साली आपला ग्रंथसंग्रह अर्पण केला. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको बेटावरून आलेल्या आर्तुरो शोम्बर्ग यांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर अशीच पुस्तके, हस्तलिखिते व चित्रे जमविली. लहानपणी एका शिक्षकाने, काळ्या लोकांस इतिहास नाही, असे सांगितल्यामुळे त्यांनी हा ध्यास घेतला अशी आख्यायिका आहे. १९२६ साली, म्हणजे सप्ताहाच्या पहिल्याच वर्षी, तो संग्रह दहा हजार डॉलरांस विकत घेऊन न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवण्यात आला.

हॉवर्डमधील संग्रहास खरे रूप दिले ते डोरोथी पोर्टर या ग्रंथपाल विदुषीने. १९३० मध्ये हे काम हाती घेतल्यावर त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. ग्रंथालयांत सर्वत्र ड्यूई यांची दशांश वर्गीकरणपद्धती चालू होती. तिच्या आधारे अनेक ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकांचे कोणतेही पुस्तक, मग ते काव्य असो वा कायद्यावरचे असो, ३२५ किंवा ३२६ या क्रमांकाखाली टाकीत. पहिला क्रमांक देशांतराचा व वसाहतींचा, आणि दुसरा गुलामगिरीचा. म्हणजे बेड्या तुटून साठ वर्षे लोटली तरी कपाटात कवी गुलामच राहिला होता! पोर्टरबाईंनी ही रीत झुगारून दिली. काव्य काव्याच्या कपाटात, संगीत संगीताच्या, इतिहास इतिहासाच्या, अशी मांडणी त्यांनी केली. पैसा तुटपुंजा होता. तेव्हा प्रकाशकांस व ग्रंथविक्रेत्यांस पत्रे धाडून त्यांनी पुस्तके मागविली. १९४६ साली आर्थर स्पिनगार्न यांचा मोठा संग्रह त्यात येऊन मिळाला. १९७३ पर्यंत, त्रेचाळीस वर्षे, त्यांनी हे व्रत चालविले. रणांगणावरील विजयांची वर्णने इतिहासात भरपूर असतात; पण एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा लिहून मिळविलेला हा विजय त्यांहून कमी मोलाचा नाही.

सप्ताहाचा मास

सप्ताहाचा महिना झाला तो विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने. ओहायओ संस्थानातील केंट स्टेट विद्यापीठात १९६८ च्या मे महिन्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एक संघटना निघाली. एप्रिलमध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि देशभर विद्यापीठे धुमसत होती. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून जो संप सुरू झाला, तो १९६९ च्या मार्चपर्यंत चालला. आपल्या समाजाचा अभ्यास शिकविणारा विभाग महाविद्यालयात असावा, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती.

केंटमधील विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी १९६९ च्या फेब्रुवारीत असा प्रस्ताव मांडला की, एका आठवड्याने आता भागत नाही. संपूर्ण महिना या इतिहासास द्यावा. त्याप्रमाणे १९७० साली २ जानेवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत तेथे हा उत्सव प्रथमच साजरा झाला. पुढे दोनच महिन्यांनी, ४ मे रोजी, त्याच आवारात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी बळी पडले आणि केंटचे नाव जगभर गेले ते त्या शोककथेमुळे. पहिल्या इतिहासमासाची शुभवार्ता तिच्या छायेत झाकोळून गेली. तरीही बीज रुजले होते. १९७६ साली, सप्ताहाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, वुड्सन यांच्या मंडळाने सप्ताहाचा मास केला आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यास आपला संदेश दिला. १९८६ साली काँग्रेसने त्यावर कायद्याची मोहर उठविली. इंग्लंडात १९८७ पासून असाच महिना ऑक्टोबरात पाळला जातो.

आपल्याकडील धागे

हा सारा वृत्तान्त सातासमुद्रापलीकडचा असला, तरी त्याचे काही धागे आपल्या भूमीशी जुळलेले आहेत. ज्युबिली गायक राणीपुढे गाइले त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक पुण्यात प्रसिद्ध झाले. निग्रो लोकांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांस ते अर्पण केलेले आहे. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९४६ साली, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाविषयी त्यांनी ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर धाडले.

तिसरा धागा भजनाचा आहे. हॉवर्ड विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिराचे अधिष्ठाते हॉवर्ड थर्मन आणि त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन हे १९३५–३६ मध्ये हिंदुस्थानच्या प्रवासास आले होते. १९३६ च्या फेब्रुवारीत बार्डोली येथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. गुलामगिरीविषयी गांधीजींनी त्यांस पुष्कळ प्रश्न विचारले आणि अखेरीस एक पद गाण्याची विनंती केली. स्यूबाईंनी पूर्वजांच्या परंपरेतील पद गाइले. ज्या पदांनी फिस्कची इमारत उभी केली, त्याच परंपरेचा स्वर त्या दिवशी बार्डोलीत उमटला. ज्या समाजात संतांची पदे जात्यावर आणि वारीच्या वाटेवर पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली, त्या समाजास या स्वराचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

उत्सव आणि अभ्यास

या उत्सवावर आक्षेपही घेण्यात येतात. अकरा महिने विसरावयाचे आणि वर्षातील सर्वांत लहान महिन्यात आठवावयाचे, हा कोठला न्याय, असे कित्येक कृष्णवर्णीय विचारवंतच विचारतात. आक्षेप नवा नाही. वुड्सन यांनाही सप्ताहातील पोकळ वक्त्यांचा तिटकारा होता. या विषयाचा अभ्यास वर्षभर चालावा आणि वेगळ्या सप्ताहाची गरजच उरू नये, अशी त्यांची आकांक्षा होती. त्यांच्या दृष्टीने सप्ताह म्हणजे वर्षभराच्या अध्ययनाचा केवळ उद्यापनविधी होता.

शिवाय हे स्थान एकदा मिळाले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. २०२३ च्या जानेवारीत फ्लॉरिडा संस्थानाने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक प्रगत शालेय अभ्यासक्रम नाकारला. २०२५ साली, जेथे पहिला इतिहासमास झाला त्याच ओहायओत, सार्वजनिक विद्यापीठांतील विविधताविषयक कार्यालये बंद करावयास लावणारा कायदा झाला. असे कायदे आवश्यक होते असे म्हणणारा पक्षही त्या देशात प्रबळ आहे. त्या राजकीय वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु या इतिहासाचा एक बोध त्या वादापलीकडचा आहे. वुड्सन यांनी सप्ताह सुरू केला तेव्हा त्यांच्यापाशी ना सरकारी कार्यालय होते, ना कायद्याचा आधार. होते ते एक घर, एक छापील त्रैमासिक आणि खेडोपाडी विखुरलेले शिक्षक. पोर्टरबाईंपाशी होती ती एक लेखणी आणि रिकामी कपाटे. कार्यालये उघडतात आणि मिटतात. जमविलेला कागद, योग्य जागी लावलेला ग्रंथ आणि मुलास शिकविलेले पद यांस मिटविणे त्याहून पुष्कळ कठीण असते.

अभ्यासावाचून उत्सव हा केवळ गलबला ठरतो, आणि उत्सवावाचून अभ्यास कपाटात कोंडून राहतो. एकाने दुसऱ्यास जागे ठेवावयाचे असते. स्वतःची जन्मतिथी ठाऊक नसलेल्या एका माणसाने आईच्या एका शब्दाच्या आधारे जी तिथी निवडली, तिच्याभोवती आज एक अखंड महिना उभा आहे. पूर्वजांची नोंद इतरांनी केली नाही, तर ती आपण करावयाची असते, एवढाच या इतिहासमासाचा संदेश आहे. आणि तो कोणत्याही एका वर्णाच्या लोकांपुरता मर्यादित नाही.